जोडारीचं शेवटचं पान

रघुपतीराव महेंद्रकरांवर मी इतक्या वेळा चिडले आहे, की त्यांच्याबद्दल लिहायला बसले तरी आधी रागच वर येतो. माणसाने इतकं गप्प असू नये. आयुष्यात निदान एकदा टेबलावर हात आपटून ‘ही चूक माझी नाही’ म्हणावं. ते म्हणाले नाहीत. मी शेजारच्याच खुर्चीत बसले होते, मीही म्हणाले नाही, तेव्हा या रागातला निम्मा वाटा माझा मलाच आहे हे आधीच सांगून टाकते. १९९९ साली ते गेले. शेवटची तीन वर्षं त्यांच्या हातून गाड्यांच्या नंबरपाट्यांखेरीज काही निघालं नाही. ज्या माणसाला यंत्राचा गुडघा कसा वाकतो हे कळत होतं, त्याने स्कूटरींचे आकडे रंगवले.

मी बेंगळूरला आले ती १९९४च्या सुरुवातीला, नवऱ्याच्या बदलीमुळे. हेब्बाळला घर, कानडीचा एक शब्द येत नाही, दिवस खायला उठलेला. बळेपेटेत वेणुगोपाल नावाचे एक गृहस्थ मुलांसाठी चित्रकथांची पुस्तकं काढायचे, कानडीत आणि मराठीत. मराठी प्रती बेळगाव, निपाणी, कोल्हापूरकडे जायच्या. मराठी मजकूर लिहायला आणि चित्रांतल्या फुग्यांत हाताने अक्षरं भरायला त्यांना कोणीतरी हवं होतं. पुण्याची आहे, शुद्ध लिहीत असणार, एवढ्या भांडवलावर त्यांनी मला ठेवून घेतलं. खाली तबले-वीणांचं दुकान आणि वर आमची दोन खोल्यांची कचेरी. खालून दिवसभर तबला लावल्याचा आवाज यायचा आणि माझ्या फुग्यांतल्या वेलांट्या वाकड्या व्हायच्या.

त्या वर्षी दर रविवारी सकाळी टीव्हीवर ‘पोलादी पहारा’ नावाची परदेशी कार्टून मालिका लागायची, हिंदीत आवाज दिलेली. समुद्राकाठचं एक शहर आणि त्याची राखण करणारे सात अवाढव्य यंत्रमानव. त्यातले सहा लढवय्ये, आणि सातवा त्या सहांची दुरुस्ती करणारा. हिंदीत त्याचं काहीतरी भलतंच नाव होतं. मी मराठीत ‘जोडारी’ केलं, आणि ते मला अजूनही आवडतं. या मालिकेचे चित्रकथेचे हक्क वेणुगोपालांनी मुंबईच्या एका एजन्सीकडून मिळवले होते. अट एकच, गोष्ट बदलायची नाही. आता गोष्ट समजावी म्हणून एजन्सीने आम्हाला काय दिलं? दर भागाचा इंग्रजीत एक परिच्छेद आणि थोडे रंगीत फोटो. शेवटच्या भागाच्या परिच्छेदात तर ‘शहर वाचतं, धैर्याचा विजय होतो’ याच्यापलीकडे काही नव्हतं. टेप मागवा म्हणून मी वेणुगोपालांच्या मागे लागले होते. ते हसून म्हणायचे, “टीव्हीत येतेच की मॅडम! रघुपती बघून काढतो.”

आणि आमचे चित्रकार रघुपतीअण्णा खरंच बघून काढायचे.

त्यांचं घर कॉटनपेटेतल्या एका गल्लीत. पिढ्यानुपिढ्या शिंपीकाम करणारं भावसार कुटुंब, घरात मराठी, पण दर चौथा शब्द कानडी. वडील, आजोबा, सगळे कातरी धरणारे. रघुपती मात्र लहानपणापासून मापाच्या खडूने चित्रं काढायचे, म्हणून वडिलांनी त्यांना सिनेमाचे मोठे फलक रंगवणाऱ्याच्या हाताखाली घातलं. वीस वर्षं त्यांनी बांबूंच्या पहाडावर चढून नट्यांचे गाल रंगवले. १९८९ साली पहाड सुटला आणि ते खाली आले. खुबा मोडला, जुळला तो वाकडा. त्यानंतर सहा महिने हा माणूस फारसा बोलला नाही, उठला नाही, हातात घास घेतला नाही. लग्न केलेलं नव्हतं. थोरली बहीण शालन अक्का, तीही एकटीच, काज-बटणं करून घर चालवायची. तिने सहा महिने त्यांना भात भरवला. “नुसते डोळे उघडे ठेवून पडायचा बघा,” ती मला म्हणाली होती. “एकदा म्हणाला, अक्का, मला आता पुरे झालं. म्हणजे काय म्हणून मी विचारलं न्हाई. मला कळलं होतं.” मग हळूहळू उठले, लहानसहान चित्रांची कामं करू लागले, आणि वेणुगोपालांना सापडले.

टीव्हीवर एकदाच दिसणारी गोष्ट चित्रात कशी धरायची, याची त्या दोघांनी एक पद्धत बसवली होती. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसू आलं होतं. शिंप्याच्या घरात एकजण माप घेतो आणि मोठ्याने सांगतो, दुसरा ते लिहून घेतो आणि त्यावरून कापतो. कापणारा गिऱ्हाइकाला पुन्हा मोजत नाही. सांगणाऱ्यावर त्याचा विश्वास असतो, नसेल तर धंदा चालायचा नाही. हे दोघं तेच करायचे. अक्का टीव्हीसमोर पाटावर बसून सांगत सुटायची, “डावीकडून मोठा आला, हात वर, कोपर बाहेर, मागं पूल, पुलावर चार दिवे.” रघुपतीअण्णा मान खाली घालून पेन्सिल चालवत राहायचे. क्वचित एखादी नजर वर. अर्ध्या तासात वही भरलेली असायची. अक्काला चित्रातलं काही कळत नव्हतं, पण तिची नजर अशी पक्की, की मी दुसऱ्या दिवशी काही विचारलं तर दिवे किती, खिडक्या किती, सगळं बिनचूक.

माझ्या घरी रंगीत टीव्ही असून मी रविवारी बस पकडून त्यांच्याकडे काळा-पांढरा बघायला जायचे. नवरा म्हणायचा, तुला वेड लागलंय. लागलं असेल.

शेवटचा भाग लागला त्या रविवारीही मी तिथेच होते. शत्रूने बंदराचा मनोरा खालून उडवला होता, मनोरा कलत होता, खाली पुलावर माणसं अडकली होती. आणि वीज गेली. शेवटची आठ मिनिटं राहिली होती. त्या गल्लीत समोरच्या बाजूला दुसरी लाईन होती, तिकडची वीज सहसा जात नसे. समोरच आप्पाजींचं घर. असं झालं की अक्का पळत जाऊन त्यांच्या खिडकीतून बघायची आणि येऊन सांगायची. अण्णांना पळता येत नव्हतं, आणि माझ्या हातात कॉफीचा पेला होता. मी बसून राहिले. अण्णा काळ्या पडद्याकडे तोंड करून पेन्सिल धरून बसले होते.

अक्का परत आली ती दारातच थांबली. धावल्याने दम लागला असेल असं मला वाटलं.

“तो आहे ना गं?” अण्णांनी विचारलं. कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. सव्वीस आठवडे ते सातही जणांना काढत होते, पण जोडारीला काढताना त्यांचा हात वेगळा चालायचा.

“स्वल्प थांब रे,” अक्का म्हणाली, आणि पाटावर बसून सांगू लागली. मनोरा कलला. जोडारी खाली शिरला आणि खांद्यावर घेतला त्याने. बाकीच्या सहांनी माणसं काढली. त्याचा उजवा हात कोपराच्या वर तुटला, ठिणग्या खाडीत पार त्या होड्यांपर्यंत गेल्या.

“मग?”

“मग काय, सहाजण परत आले. सगळ्यांनी मिळून मनोरा उचलला. तो उठला.”

अण्णांनी श्वास सोडला. मीही सोडला. खोटं का बोला, त्या यंत्राच्या डब्यासाठी माझाही जीव टांगणीला लागला होता. अण्णांनी वहीत उभा जोडारी काढला, एका हाताचा.

महिन्याला एक याप्रमाणे सव्वीस पुस्तकं निघायला दोन वर्षांहून थोडं जास्तच लागलं. शेवटच्या पुस्तकाच्या वेळी मी अण्णांशी चक्क भांडले. सगळी पानं तयार, आणि शेवटचं पान काही त्यांच्या हातून सुटेना. पानभर एकच चित्र, पहाटेच्या उजेडात उभा जोडारी. काढायचे, खोडायचे, कागद फाडायचे. मी म्हणाले, “अण्णा, छापखाना आपल्यासाठी थांबणार आहे का? चांगलं तर आहे!” ते म्हणाले, “उभा दिसत न्हाई हो नीलिमाताई. टांगल्यासारखा दिसतोय.” मला काही फरक दिसत नव्हता. शेवटी मीच त्यांच्या हातातून पान ओढून घेतलं आणि सूर्याच्या बाजूला फुगा काढून त्यात लिहिलं, ‘शहर वाचलं!’

पुस्तक गेलं. मुलांची पत्रं आली, खूप आली, बहुतेक खेड्यांतून, जिथे टीव्ही नव्हता तिथून. जोडारी जगला म्हणून एका मुलीने साखर वाटली होती. तीन पत्रं वेगळी होती. त्यांत लिहिलं होतं, तुम्ही चुकीचं काढलंय. मुलं काय, वाट्टेल ते लिहितात, असं म्हणून मी ती टोपलीत टाकली. अण्णांना वाचून दाखवली असती तरी उपयोग नव्हता, प्रती केव्हाच गेल्या होत्या. तरीसुद्धा.

त्याच सुमाराला ‘पोलादी पहारा’ची दुसरी मालिका येणार असं कळलं. अण्णांच्या दृष्टीने सगळं त्यावर होतं. सिनेमाचे फलक आता छापून यायला लागले होते, आणि नसते आले तरी पहाडावर चढणं त्यांच्या नशिबातून गेलं होतं. आमच्याकडची बाकीची पुस्तकं बंद पडली होती. दुसरी मालिका मिळाली तर काम, नाही तर काही नाही, इतकं ते सरळ होतं. मिळाली तर वेणुगोपाल त्यांना कायम करणार होते आणि पहिल्या पानावर चित्रकार म्हणून नाव छापणार होते. पहिल्या सव्वीस पुस्तकांवर कोणाचंच नाव नव्हतं.

एजन्सीकडून सुशांत देवस्थळी नावाचे तरुण गृहस्थ मुंबईहून आले. ऑगस्टमधली दुपार होती. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, वह्यांचा गठ्ठा घेऊन आले होते. त्या वह्या बघून देवस्थळी थक्कच झाले. “हे लाइव्ह बघून काढलंय? टेपशिवाय? अनबिलीव्हेबल आहे हे, सर.” वेणुगोपालांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. माझा जीव भांड्यात पडला. मग देवस्थळींनी पिशवीतून शेवटचं पुस्तक काढलं आणि शेवटचं पान उघडून टेबलावर ठेवलं.

“पण हे काय आहे?” ते म्हणाले. “जोडारी उभा कसा?”

कोणाला काही कळेना. त्यांनी टेप आणली होती, वेणुगोपालांनी शेजारून व्हीसीआर मागवला. शेवटची आठ मिनिटं आम्ही पहिल्यांदा पाहिली.

मनोरा कलला. जोडारी खाली शिरला, खांद्यावर घेतला. सहांनी माणसं काढली. उजवा हात कोपराच्या वर तुटला, ठिणग्या खाडीत होड्यांपर्यंत गेल्या. सगळं अक्काने सांगितलं तसंच. आणि मग त्याचा डावा गुडघा वाकला. एकदम नाही. सांधा आधी थोडा सरकला, थांबला, आणि मग गेला. मनोरा त्याच्यावर आला. बाकीचे सहाजण परत आले तेव्हा पाण्याबाहेर फक्त खांदा होता. त्यांना दुरुस्त करणारा तोच होता, त्याला दुरुस्त करणारं कोणी नव्हतं. तेवढ्यावर भाग संपला.

“दुसऱ्या मालिकेची सुरुवातच इथून आहे,” देवस्थळी म्हणाले. “हे सहाजण मोडत चाललेत आणि जोडारी नाहीये, धिस इज द होल स्टोरी. तुमच्या वाचकांसाठी तो जिवंत आहे. आता मी काय करू, सांगा ना. क्लॉज आहे अ‍ॅग्रीमेंटमध्ये. प्रिन्सिपल्सनी, म्हणजे तिकडच्या मूळ कंपनीने, पाहिलंय हे.” माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

वेणुगोपालांचा चेहरा लाल झाला होता. “हे कोणी सांगितलं तुला?” त्यांनी अण्णांना विचारलं.

मी अण्णांकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. हाताची जागा बरोबर, ठिणग्या बरोबर, होड्या बरोबर, म्हणजे बहिणीने अर्धवट पाहिलं नव्हतं, खिडकीतून शेवटपर्यंत पाहिलं होतं. मलाही कळलं होतं. खोलीत आम्हा दोघांनाच. मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते मिटलं.

“कोणी नाही, सर,” ते म्हणाले. “मीच बदललं. मला तसं बरं वाटलं.”

संपलं. दुसरी मालिका दुसऱ्या शहरातल्या प्रकाशकाकडे जाणार हे तिथल्या तिथे ठरलं. वेणुगोपाल वीस मिनिटं बोलत होते, विश्वासघात वगैरे. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग देवस्थळी टेप काढायला उठले तेव्हा ते म्हणाले, “सर, एकदा परत लावता काय? ते पडतो ते.”

देवस्थळींनी लावली. अण्णा पुढे वाकून बघत होते. त्यांचा हात मांडीवर होता आणि बोटं हलत होती. गुडघा, सांधा, खांदा. मी ते बघू शकले नाही. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले, खाली कोणीतरी तबला लावत होतं, आणि मला त्या तबलेवाल्याच्या डोक्यात काहीतरी घालावंसं वाटत होतं.

मीच त्यांना ऑटोने घरी सोडलं. वाटेत मी तोंड सोडलं. म्हटलं, अक्कांना सगळ्या जगात खोटं बोलायला हीच जागा मिळाली! ते मांडीवरचा गठ्ठा धरून बाहेर बघत होते. घरी अक्का दारातच होती, मांडीवर कुणाचातरी शर्ट. भावाच्या हातातला वह्यांचा गठ्ठा बघून उठली.

“काय म्हणाले रे रघू? जेवलास की न्हाई?”

“टेप दाखवली त्यांनी,” अण्णा म्हणाले.

तिने काही लपवायचा प्रयत्न केला नाही. तेवढं तिच्या बाजूने सांगायला हवं. ती पाटावर बसली आणि शर्ट बाजूला ठेवला.

“तू सगळं पाहिलं होतंस, अक्का.”

“होय.”

“मग एवढंच खोटं का?”

“तू अंधारात बसून विचारलास ना, तो आहे ना म्हणून. तसला तुझा आवाज मी एकदा ऐकला होता.” तिने बाजूचा शर्ट पुन्हा मांडीवर ओढला. “सहा महिने भात भरवला रघू मी. आणखी वर्षभर भरवला असता. पण तू गेलास म्हणजे मी कुणाला भरवू? एका यंत्राला जगवलं मी. माणूस मारला काय?”

आता अण्णा विरघळतील असं मला वाटलं. मी विरघळले होते, सगळा राग कुठल्या कुठे गेला होता. ते कॉटवर बसले, वाकडा पाय हाताने उचलून सरळ केला.

“ते शेवटचं पान मी अकरा वेळा काढलं,” ते म्हणाले. “मनोरा केवढा, वजन केवढं, मला ठाऊक होतं. तेवढं अंगावर येऊन कोणी उठत न्हाई. माझा हात ऐकत नव्हता. मला वाटलं, हातच गेला माझा. दोन महिने मी तेच धरून बसलो होतो, अक्का, की आता हे पण गेलं. तुला सांगितलं न्हाई, तू घाबरशील म्हणून.”

अक्का रडू लागली. “आता काढ की रे. तसा काढ, पडलेला. मी कागद आणते.”

“आता कोण छापतंय?”

“छापू नकोत. तू काढ.”

त्यांनी मान हलवली. आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं.

“ते एक पान मला आलं असतं, अक्का. सव्वीस पुस्तकांत तेवढं एक खरं आलं असतं. तुला वाटलं ते बघून मी परत पडेन. मी केव्हाच उठलो होतो गं. सहा वर्षं तुझ्या समोर चालत होतो, आणि तुला ते दिसलंच न्हाई.”

एवढं बोलून ते कॉटवर आडवे झाले आणि डोळे मिटून घेतले. अक्का पाटावरून उठली नाही. मला निघायचं होतं, पण दार पलीकडे होतं आणि जायचं तर त्या दोघांच्या मधून जावं लागलं असतं. म्हणून मी पर्स धरून तशीच उभी राहिले.